कपाटाच्या पलीकडचे शुक्रवार

विमलवहिनी गेल्या हे मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. बुधवारची सकाळ होती, घरामागच्या शेडमधले आठही माग चालू होते आणि भाऊजींकडचा कामगार दारात उभा राहून नुसतं तोंड हलवत होता. "क्या?" मी ओरडले. "बड़ी भाभी..." एवढं कानावर आलं, पुढचं मागांच्या आवाजात गेलं. मग त्यानं हात वर केला आणि मान खाली घातली, तेव्हा कळलं. सांगायला लाज वाटते, पण माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कोण म्हणालं?" रडू आलं ते बऱ्याच वेळानं. आधी उलटतपासणी. परवा तर पेज प्यायल्या होत्या, मग एकाएकी कशा गेल्या, डॉक्टर जवळ होते का, इंजेक्शन कुठलं दिलं, कुणी दिलं... तो बिचारा "मालूम नहीं भाभी, मालूम नहीं" म्हणत चप्पल घालून निघूनही गेला.

माझा स्वभावच असा आहे. दूधवाला दारात असतानाच दुधात बोट बुडवून बघणारी मी. शाळेत पोटदुखीची चिठ्ठी आणणाऱ्या मुलाच्या बापाची सही जुन्या प्रगतिपुस्तकातल्या सहीशी ताडून बघणारी. मुलं माझ्यामागे मला 'फौजदारीण' म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि कोण म्हणतं तेही ठाऊक आहे. म्हणूनच वहिनींच्या तेराव्याला जो तो "देवमाणूस हो, देवमाणूस" म्हणायला लागला तेव्हा माझ्या कपाळावर आठ्या पडल्या. हीच माणसं अकरा वर्षांपूर्वी काय बोलत होती, हे मला शब्दाशब्दानिशी आठवतं. आठवणारच, कारण त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. दोन महिने हे मनात घोळवलं. आता लिहून टाकते.

विमलवहिनी म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको, माझी थोरली जाऊ. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. केसांना चपचपीत खोबरेल, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं मोजकं. त्यांचे वडील जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे, आणि आई नव्हती, त्यामुळे वहिनींचं बालपण भिवंडीत, इथल्याच नारपोलीतल्या शेडमध्ये, मागांच्या खडखडाटातच गेलं. बाहेरच्या माणसाला तो नुसता गोंगाट वाटतो. मी पडघ्याची, ट्रकचे हॉर्न ऐकत वाढलेली, तरी लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिले आठ दिवस माझं डोकं ठणकत होतं. वहिनींना मात्र त्या गोंगाटात प्रत्येक माग वेगळा ऐकू यायचा. माझ्या लग्नानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी त्या पंगतीत भात वाढत होत्या. वाढता वाढता थांबल्या, शेडच्या भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि ओरडल्या, "पाच नंबर बंद करा, धोटा उडंल!" धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारा, आडवा धागा ओढत नेणारा टोकदार लाकडी तुकडा. तो उडाला तर समोरच्याचा डोळा जातो. माझा नवरा खरकट्या हातानं पळत गेला आणि परत येऊन म्हणाला, "पट्टा सुटायलाच आला होता." सगळे पुन्हा जेवायला लागले. त्यांना नवल नव्हतं. मला मात्र वाटलं, नव्या सुनेपुढे रुबाब दाखवायला आधीच बघून ठेवलं असणार. पुढे महिनाभर मी त्यांची परीक्षा घेत होते. मुद्दाम विचारायचे, "वहिनी, आज कुठला कुरकुरतोय?" त्या सांगायच्या आणि दर वेळी तोच निघायचा. तरी माझं समाधान झालं होतं असं म्हणवत नाही.

त्यांना मूल नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. याबद्दल घरात कुणी उघड बोलत नसे, पण माझ्या डोहाळजेवणाला पाटावर मी बसले, ओटी भरायला गल्लीतल्या बायका रांगेनं आल्या आणि विमलवहिनी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत राहिल्या. त्यांना कुणी बोलावलं नाही. मी बी.ए., डी.एड. झालेली, शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारी. मी बोलावू शकले असते. नाही बोलावलं. पुऱ्या तळल्याचा वास मात्र हिरव्या साडीला दोन दिवस येत होता.

सुवर्णा जन्मली ते सत्त्याऐंशी साल. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझी आई तोवर गेली होती. पडघ्याला वडील आणि लग्न न झालेला भाऊ, तिथे बाळंतिणीचं कोण करणार? म्हणून दवाखान्यातून मी थेट नारपोलीच्या घरीच आले. मला आतली खोली दिली होती. तिच्या दाराला नुसता पडदा, आणि बाहेरच्या पडवीतून दिवसभर कामगारांची ये-जा. तेव्हा सासूबाईंनी माझ्या लग्नातलं हिरवं लोखंडी कपाट दारासमोर आडवं लावून घेतलं. पाठ दाराकडे, तोंड माझ्या खाटेकडे. आत यायचं तर कपाटाला वळसा घालून यावं लागे. त्या कपाटाला वीतभर उंचीचे पाय होते. मी कुशीवर आडवी असले की त्या पायांमधून, पडद्याखाली, दाराशी कोणाचे पाय आहेत ते मला दिसायचं. माझ्यासारखीला हे फारच सोयीचं होतं. महिनाभरात मी घरातल्या सगळ्यांना पायांवरून ओळखायला लागले.

आणि मुलगी पीत नव्हती. म्हणजे तोंड लावायची, तासतासभर लावून बसायची, मध्येच सुटायची, रडायची, पुन्हा लावायची. दूध ओठांच्या कडेनं गळून दुपटं भिजायचं. मला तर तिला जवळ घ्यायची धास्ती बसली होती. भेगा पडल्या होत्या, रक्त यायचं. तिनं तोंड लावलं की मी दात आवळून खाटेची कड घट्ट धरायचे, आणि मग आपणच आपल्या लेकराला भितो म्हणून रडायचे. आळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, शेपूची भाजी तर सासूबाईंनी इतकी खायला घातली की आजही मला मंडईत तो वास आला तरी मी पलीकडून जाते. उपयोग शून्य. महिना होत आला तरी सुवर्णाचं जन्माचं वजनसुद्धा परत भरलं नव्हतं. मांड्यांची कातडी सुरकुतली होती. अंघोळ घालणारी बाई तिला पायांवर घेई आणि काही न बोलता माझ्याकडे बघे.

मग घरात संशयाला ऊत आला. सासूबाईंचा माझ्यावर. "मास्तरणीला शाळेत जायची घाई हाय, मनातूनच पाजायचं न्हाय, मग दूध कुठून उतरंल?" माझा सगळ्या जगावर. दवाखान्यात मुलगी बदलली का? त्या आयानं तिला काही चाटवलं का? अंघोळवाली बाई तेलात काय मिसळते? आळीव जुने तर नाहीत? एकेक करून मी सगळ्यांना तपासलं आणि सोडून दिलं. अशात एकदा शेजारच्या गंगूकाकू बाळंतविडा घेऊन आल्या. कपाटाला वळसा घालून आत आल्या, सुवर्णाला पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरातच बग गं बाय. जिची कूस रिकामी तिची नजर वाईट. शुक्रवारी कोन येतं दाराशी, ध्यान ठेव."

शुक्रवारच का, ते त्यांनी सांगितलं नाही. पण मी ध्यान ठेवलं. आणि शुक्रवारी, सकाळी दहाच्या सुमारास, मी सुवर्णाला घेऊन बसल्यावर कपाटाच्या पायांमधून पडद्याखाली दोन पाय दिसले. जोडवी घातलेले, टाचांना भेगा पडलेले, उजव्या अंगठ्याचं नख काळं. विमलवहिनींचे पाय. आत येत नव्हत्या, बोलत नव्हत्या. बराच वेळ तसेच उभे ते पाय, आणि मग निघून गेले. बाकीच्या दिवशी त्या फिरकायच्या नाहीत. गंगूकाकूंनाही दिसलेलं होतं म्हणजे त्याच्या आधीच्या शुक्रवारीही आल्या असणार. शिवाय शुक्रवारी सुवर्णा जास्त रडायची, हे मला आधीपासून जाणवलं होतं. इतर दिवशी झोपायची तरी, शुक्रवारी अख्खा दिवस किरकिर. आता सगळं जुळलं! मी, अंधश्रद्धेवर निबंध घेणारी, सासूबाईंना हाक मारून म्हणाले, "दृष्ट काढा हिची." मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका येतो का हे बघायला मी नाक पुढे करून बसले होते. ठसका आला नाही. म्हणजे दृष्ट जबर आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही.

पुढच्या शुक्रवारी मी तयारीतच होते. सुवर्णाला मांडीवर घेतलं. पाय आले. मी पाच मिनिटं वाट पाहिली, पाय हलेनात. मग माझ्या आतून काय उसळून आलं कोण जाणे. महिनाभराचं जागरण, दुखणं, भीती, सगळं एकदम.

"कोण उभं आहे ते मला माहीत आहे, वहिनी," मी म्हणाले. "नजर लावायची तेवढी लावून झाली ना? आता कपाटाच्या अलीकडे पाऊल टाकायचं नाही. या खोलीत यायचं नाही. माझ्या मुलीला हात लावायचा नाही तुम्ही."

 बाहेर सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांच्या सुपाचा आवाज थांबला. मला वाटलं वहिनी निघून जातील, किंवा रडतील, किंवा भांडतील. पाय तिथेच होते.

"न्हाय येत," त्या पलीकडून म्हणाल्या. शब्द सावकाश, निवडून घेतल्यासारखे. "न्हाय येत मी आत. फकस्त एक ऐक. पोरगी पिताना टक् टक् आवाज येतो. तू ऐकलंस का?"

"कसला आवाज?"

"वढते नि सुटते. जीभ पुडं पोचतच न्हाय तिची. धोटा अर्ध्यातून माघारी फिरतो तसं चाललंय. मग दूध कुठून जाईल पोटात? तुजं दूध कमी न्हाय, बाय. तिची जीभ बांदलेली हाय."

"महिनाभर माझ्या मांडीवर आहे ती. मला नाही आला आवाज, आणि तुम्हाला कपाटापलीकडून आला?"

"तुला कसा येईल? सहा दिवस लूम चालू. आज बंद हाय." आणि म्हणाल्या, "म्हनून तर शुक्रवारी येते."

भिवंडीतले माग शुक्रवारी बंद असतात, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. मला अर्थातच माहीत होतं. पण माहीत असून कधी मनात आलं नव्हतं. त्या क्षणी मी पहिल्यांदा त्या शांततेकडे कान दिला. पडवीतला कावळा ऐकू येत होता. आणि माझ्या मांडीवर, अगदी बारीक... टक्. थोड्या वेळानं पुन्हा, टक्. शुक्रवारी सुवर्णा जास्त रडत नव्हती. शुक्रवारी ती आम्हाला ऐकू येत होती, एवढंच. बाकीचे सहा दिवस तिचं रडणं मागांखाली दबून जात होतं.

मी तिला छातीपासून सोडवलं. ती रडायला लागली तशी मी तिचं तोंड उजेडाकडे केलं. जीभ वर उचललीच जात नव्हती. टोक मध्येच आत ओढलेलं, तिथे खाच पडलेली, आणि खाली एक पांढुरका पातळ पडदा जिभेला तळाशी धरून ठेवत होता. महिनाभर मी रोज ते तोंड बघत होते. मला काय दिसत होतं मग? खरं सांगायचं तर त्या घटकेलाही माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की या बाईला कसं कळलं? हिनं आधी कधीतरी तोंडात बोट घालून पाहिलं असणार. काही केलं तर नसेल ना हिनंच?

तरी दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पहिले डॉक्टर तरुण होते. त्यांनी जीभ न बघताच डब्यातलं दूध लिहून दिलं. मी त्यांच्यावरही विश्वास ठेवला नाही, या एका बाबतीत माझा स्वभाव कामी आला. दुसरे एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी हात धुतले, बोट सुवर्णाच्या जिभेखाली घातलं, मला तिला पाजायला लावलं आणि कान जवळ आणून ऐकलं. मग मान हलवली. "सगळ्यांची कापायची गरज नसते," ते म्हणाले. "पुष्कळ मुलं अशी जीभ घेऊन मजेत दूध पितात. हिची कापावी लागेल. पण मला सांगा, हे ओळखलं कुणी?" नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "घरातल्या लोकांनी." नाव घेतलं नाही मी.

बोथट टोकाच्या छोट्या कात्रीनं एकदाच कच्. रक्ताचे दोनचार थेंब, आणि लगेच माझ्या छातीशी. सगळं एका दिवसात जादूसारखं बदललं असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. माझं दुखणं मात्र त्याच दिवशी निम्म्यावर आलं. सुवर्णाला नीट ओढायला शिकायला आठदहा दिवस लागले, माझं आटत चाललेलं दूध परत यायला आणखी तेवढेच. मग मांड्या भरल्या. मनगटाला वळी पडली. मी तिच्याकडे बघायचे आणि मला इतका आनंद व्हायचा की छातीत दुखायचं.

घरात मात्र वहिनींचं दुर्दैव नव्यानं सुरू झालं. सासूबाईंनी ऐकलं ते एवढंच, की विमलनं सांगितलं आणि पोरीची जीभ कापली. "मुकी झाली म्हंजे?" त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं. "आपल्याला न्हाय झालं, म्हनून दुसरीच्या पोरीची वाचा घालवली." गंगूकाकूंनी मान डोलावली. मी तेव्हा ठणकावून सांगायला हवं होतं की डॉक्टरांनी कापली, गरज होती म्हणून कापली, आणि वहिनी नसत्या तर पोरगी हातची गेली असती. मी म्हणाले, "बघू आता, बोलायला लागेल तेव्हा कळेल." कारण माझ्याही मनात ती पाल चुकचुकत होती. सुवर्णा वर्षाची झाली आणि बोलेना. सव्वा वर्षाची झाली, नुसतं अं अं. प्रत्येक वेळी तिनं तोंड उघडलं की घर आधी तिच्याकडे आणि मग वहिनींकडे बघायचं. त्या खाली मान घालून धुणं पिळत असायच्या. दीड वर्षाची होता होता ती एका सकाळी सलग बोलायला लागली, ती आजतागायत थांबलेली नाही. कुणी वहिनींकडे जाऊन चुकलं असं म्हटलं नाही. मी तरी कुठे म्हटलं?

कपाट सुवर्णाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत दारासमोर आडवंच होतं. तोवर वहिनी त्या खोलीत आल्या नाहीत. मी सुवर्णाला बाहेर घेऊन आले की पडवीत तिला मांडीवर घ्यायच्या, न्हाऊ घालायच्या, मी शाळेत जायला लागल्यावर दिवसभर सांभाळायच्या. पण कपडे बदलायचे असले तर दाराशी येऊन म्हणायच्या, "हिचं झबलं दे गं बाहेर." मी द्यायचे. मला ते सोयीचं वाटायचं. पुढे कपाट भिंतीला गेलं आणि दाराशी अडवणारं काही उरलं नाही, तेव्हा त्या आपोआप आत-बाहेर करू लागल्या. मी बोललेले शब्द मात्र मी कधी परत घेतले नाहीत. कपाट हललं म्हणजे तेही मिटले, असं मी धरून चालले.

नंतर भाऊ वेगळे झाले, वहिनी आणि भाऊजी तीन गल्ल्या सोडून राहायला गेले. जन्मभराच्या खडखडाटानं वहिनींचे कान गेले. चाळिशीतच. ज्या कानांना आठांतला एक माग वेगळा कळायचा, त्यांना दारावरची थाप ऐकू येईना. मग त्या भिंतीवर तळवा ठेवून माग चालू आहेत की बंद ते ओळखायच्या. शेवटची भेट झाली ती दवाखान्यात, त्या गेल्या त्याच्या दोन दिवस आधी. खाटेला खेटून दुसऱ्या खाटा, नातेवाईकांची गर्दी. मी ठरवून गेले होते. "वहिनी, मी तेव्हा..." असं सुरुवात केली. त्यांनी कानाशी हात नेला. मी मोठ्यानं म्हणाले. त्यांनी हसून मान हलवली, ऐकू नाही आलं. आणखी मोठ्यानं म्हणायचं तर सगळा वॉर्ड वळून बघणार होता. माफी अशी ओरडून कशी मागायची? मी म्हणाले, "पेज घ्या थोडी!" ते मात्र त्यांना ऐकू आलं. प्यायल्या.

तेराव्याला सगळे गेल्यावर भाऊजी पडवीत बसले होते. मी पाणी नेऊन दिलं. ते बोलणारे नव्हेत. पण त्या दिवशी आपणहून म्हणाले, "सुवर्णीचं तिला पयल्याच शुक्रवारी कललं होतं. राती खोलीत येऊन मना सांगितलं, पोरीची जीभ बांदलीय."

मी विचारलं, "मग लगेच का नाही सांगितलं मला?"

"मीच बोललो, तोंड उघडू नको. वांजेचं कोन ऐकतंय? उलटं तुज्यावरच येईल. ती बोलली, अजून दोनदा ऐकते. चूक झाली तर मना घराबाहेर काडतील, पन बरोबर निगाली तर सांगंन." पाणी पिऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं. "दोन आठवडे जेवली न्हाय नीट."

दोन आठवडे माझी मुलगी उपाशी होती. सांगणारी पडद्यापलीकडे उभी होती, आणि ती सांगत नव्हती कारण ऐकणारी मी होते. हे मी त्या दिवसापासून रोज गिळते आहे, ते खाली उतरत नाही.

आणि तरी माझा स्वभाव बघा. गेल्या शुक्रवारी शाळेला सुट्टी होती, माग बंद होते, आणि माझ्या मनात आलं की कपाटापलीकडून एवढासा आवाज खरंच ऐकू येतो का, बघावं तरी. मी आणि सुवर्णानं मिळून ते हिरवं कपाट भिंतीपासून ओढलं. दहा वर्षांनी. घामाघूम झालो. दारासमोर जिथे होतं तिथे आडवं लावलं. सुवर्णाला खाटेवर बसवलं आणि सांगितलं, मी पलीकडे गेले की जिभेनं टक् टक् कर, अगदी हळू. आता अकरा वर्षांची आहे ती. "कशाला?" तिनं विचारलं. "कर सांगते ते," मी म्हणाले आणि पडद्याशी जाऊन उभी राहिले.

तिथून खाट दिसत नाही. खाटेवरचं माणूस दिसत नाही. डोळ्यांसमोर कपाटाची हिरवी पाठ, दुसरं काही नाही. जी बाई नजर लावते म्हणून मी ओरडले होते, तिला तिथून माझ्या मुलीचं नखही दिसलं नसेल. ते कपाट नजर अडवायलाच तर लावलं होतं आम्ही! मला हे तेव्हाही कळायला हवं होतं, पलीकडे जाऊन बघायची गरज नव्हती.

टक् टक् येत होतं की नाही, नीट कळेना. म्हणून मी पत्र्याला कान लावायला वाकले, आणि तिथे तो डाग होता. माझ्या खांद्याच्या उंचीवर, तळहाताएवढा, काळपट. बोट फिरवलं तर चिकट लागलं. खोबरेल तेल, त्यावर बसलेली धूळ. वहिनी भिंतीला कान लावायच्या तसा त्यांनी इथे लावला होता, आणि कपाट पुढे भिंतीला टेकल्यामुळे ते पुसायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

 माझ्यातली फौजदारीण गप्प बसेना. तीन शुक्रवारांत एवढा डाग पडत नाही. तेल मुरायला, धुळीचा थर बसायला फार दिवस लागतात. म्हणजे जीभ कापल्यावरही त्या येत होत्या. मुलगी नीट पिते आहे का, ते टक् टक् थांबलं का, हे ऐकायला, मी पाजायला बसले की, दर शुक्रवारी येत होत्या, कपाट हलेपर्यंत जवळजवळ वर्षभर. मला पाय दिसले नाहीत, कारण माझी मुलगी बरी झाल्यावर मी कपाटाखाली बघायचं सोडून दिलं होतं. आणि त्या आत आल्या नाहीत, कारण मी येऊ नका म्हटलं होतं.

मी कान तिथेच टेकवला. पलीकडून स्पष्ट आलं... टक्. टक्. टक्. मग थांबलं.

"आई, ऐकू येतंय ना?" सुवर्णानं आतून विचारलं.  "मग तिकडे काय उभी राहिलीस? अलीकडे ये ना!"

एवढंच म्हणायला हवं होतं मी वहिनींना. वर्षभरातल्या कुठल्याही शुक्रवारी.